शेवटची सोळा पानं

बत्तीस वर्षं मी आष्ट्यात वाचनालय सांभाळलं आणि एकाही वाचकाला अर्ध्या गोष्टीवर घरी पाठवलं नाही. असं छातीठोक सांगणारा दुसरा ग्रंथपाल तुम्हाला अख्ख्या सांगली जिल्ह्यात मिळाला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याचा सत्कार करीन. पण बसून करीन. उभं राहून काही करायचं वय आता राहिलेलं नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे 'गगनदुर्गाची राणी'. ढगात किल्ला, किल्ल्यात राणी, दाराशी राक्षस आणि पंखवाला घोडा. पानं एकंदर तीनशे छत्तीस. आमच्या प्रतीत तीनशे वीस. शेवटचा सोळा पानांचा फर्माच गायब. तो कसा गेला याच्या माझ्याकडं चार हकिकती आहेत. एकीत कृष्णेचा पूर आहे, एकीत माकड आहे. पण खरं सांगायचं तर मी कामावर रुजू झालो तेव्हाच तो नव्हता. पान तीनशे वीसवर राक्षस दार फोडतो, घोड्याला बाण लागतो, राजपुत्र अंगठी पुढं करतो आणि राणी म्हणते, 'थांबा, माझा निर्णय...' बस्स. पुढं पुठ्ठा.

दुसरी प्रत मिळत नव्हती. लेखक वारलेला आणि प्रकाशक त्याच्याही आधी गेलेला.

वाचक चार वाजता पुस्तक बगलेत मारून दारात उभा राहायचा. रात्रभर वाचून डोळे लालभडक. "आप्पा, फुडं?" आता त्याला मी काय पुठ्ठा वाचून दाखवू? मी म्हणायचो, "बस. ती पानं सुटलीत, कपाटात जपून ठेवलीत. शेवट मला पाठ आहे." आणि सांगायचो. पण सगळ्यांना एकच शेवट सांगणं म्हणजे गावाला एकाच मापाच्या चपला वाटण्यासारखं. मी समोरचा माणूस बघायचो आणि त्याच्या मापाचा शेवट काढायचो.

नानासो तालमीत खांदा निखळून घरी बसला होता. त्याला सांगितलं की राजपुत्रानं राक्षसाला धोबीपछाड मारली आणि राक्षसाची पाठ टेकली तेव्हा खाली सात गावांत भांडी पडली. महिन्याभरात नानासो पुन्हा आखाड्यात. नाथाजीचा बैल त्याच आठवड्यात गेला होता. त्याच्यासाठी घोडा उठून बसला, राणीच्या हातचा गूळ खाऊन उडाला. नाथाजी माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला आणि जाताना रजिस्टरवर सही करायची विसरला.

आणि सुलाबाई. तेव्हा एकोणीस वर्षांची. कवठे महांकाळच्या एका घराशी लग्नाची बोलणी चाललेली आणि पोरगी रडून रडून सुजलेली. मी ओळखलं, हिला हे लग्न नको आहे. तिला सांगितलं की राणीनं अंगठी परत केली, म्हणाली, 'मला आधी जग बघायचंय,' आणि एकटी पायी किल्ला उतरून गेली. सुलाबाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि निघून गेली. पंधरा दिवसांत ते लग्न मोडलं. ती मिरजेला नर्सिंग शिकायला गेली आणि आजतागायत एकटी राहिली. कुणी विचारलं तर साऱ्या गावाला सांगायची, "आप्पांच्या पुस्तकातल्या राणीनं मला वाट दाखवली."

लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी खाली बघायचो. एका बाईचा उभा संसार मी एका थापेवर उधळून दिला होता. तीस वर्षं खाली बघून बघून मानेला पट्टा लागला. डॉक्टर मणका म्हणतात. म्हणू देत.

मग चौऱ्याण्णव साली कुणा हिंदीवाल्यानं 'गगनदुर्गाची राणी'वर सिनेमा काढला आणि तो सांगलीला लागला. नाथाजीच्या टेंपोतून आम्ही अठरा वाचक गेलो. बाकीचे सिनेमा बघायला गेले होते. मी एकटा शेवट बघायला गेलो होतो. बत्तीस वर्षं पुठ्ठ्याकडं बघत बसलेला माणूस आहे मी. त्या घोड्याचे पंख सुतळीनं बांधलेले दिसत होते, राक्षसाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसत होता, गगनदुर्गाच्या बुरुजामागून विजेची तार गेली होती. मला कशाचं काही नव्हतं. मला फक्त दार फुटायला हवं होतं.

फुटलं. राक्षसाला पश्चात्ताप झाला आणि तो तिथंच द्वारपाल म्हणून नोकरीला लागला. घोडा मेला. राणीनं अंगठी घेतली आणि लग्न केलं. संपलं.

येताना टेंपो सांगलीच्या बाहेर पडला. मग सगळे एकदम सुरू झाले. "सत्यानाश केला पुस्तकाचा." "शेवटच बदलला की गड्या." "ह्यास्नी वाचाय येतं का न्हाई?" टेंपोचा सायलेन्सर फुटका होता, त्यामुळं प्रत्येकाला फक्त आपलाच आवाज ऐकू येत होता. नाहीतर मी आष्ट्याच्या अलीकडंच उतरलो असतो.

नानासो आता वाचनालयाचा अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी हजर. "आप्पा, निर्मात्याला पत्र घालायचं. कपाटातली शेवटची पानं झेरॉक्स करून जोडायची. बघ म्हनावं, खरा शेवट कसा असतोय."

कपाटात पानं होती कुठं? पण डोकं तेव्हा चालायचं. म्हणालो, "पत्र कुणी वाचत नाही, नानासो. जाहीर परिसंवाद घेऊ. कादंबरी थोर की सिनेमा. बाहेरचा परीक्षक बोलावू. निकाल पेपरात देऊ."

"आनि त्यातच तुमचा निवृत्तीचा सत्कार," नानासो म्हणाला. "शाल आनून ठेवलीया."

परीक्षक मी मुद्दाम निवडून काढला. वाईच्या गोदावरीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, संस्कृतच्या जाणकार. राक्षस आणि उडते घोडे असल्या बाईच्या वाटेला जात नसणार, ही माझी अटकळ. अटकळी चुकायच्या तेव्हा त्या एकेक करून चुकत नाहीत. वाटेत भेटून एकत्र येतात.

रविवारी सकाळी दहा वाजता हॉल खच्चून भरला. सिनेमाची बाजू घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी व्हिडिओ सेंटरवाला वसीम उठला. त्याचं दुकान वाचनालयाच्या समोरच. माझे निम्मे वाचक त्यानं कॅसेटी दाखवून पळवले होते, पण आदबशीर माणूस. आधी माझ्या पाया पडला आणि मग मला गाडायला उभा राहिला.

"आप्पा, मी काय पुस्तक वाचलेलं न्हाई," वसीम म्हणाला. "मला एवढंच सांगा, सिनेमात चुकलं काय?"

"शेवट!" हॉल ओरडला.

"मग पुस्तकात शेवट काय हाय?"

नानासो उभा राहिला. "धोबीपछाड. राक्षसाला आडवा केलाय राजपुत्रानं."

"नानासो, तुमी दुसरं पुस्तक वाचलंय," मागून नाथाजी म्हणाला. "कुस्ती कुठली आली? राक्षस घोड्याला भिऊन पळतोय. घोडा जित्ता हाय त्यात."

"घोड्याचं काय घेऊन बसलास?"

"मग काय, तुझा लंगोट घेऊन बसू?"

सुलाबाई शांतपणे उठली. "घोडा, कुस्ती सगळं ऱ्हाऊ द्या. राणी अंगठी परत देती आनि निघून जाती. त्ये महत्त्वाचं."

मग जो तो उठला. कुणाच्या शेवटात राणीला जुळं झालं होतं, कुणाच्यात राक्षस हा तिचा हरवलेला भाऊ निघाला होता. एका मास्तरांच्या शेवटात तर राणीची बदली रद्द होऊन तिला गावाजवळचा किल्ला मिळाला होता. मी त्या त्या वर्षी कुणाला काय गरज होती ते आठवत, खुर्चीत घसरत घसरत टेबलाच्या उंचीला आलो.

वसीमनं बोटं मोजली. "सिनेमात शेवट एक हाय. पुस्तकात आतापातूर अकरा झालं. ह्यातला चुकला कोन?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी उठलो आणि घसा साफ केला. "थोर पुस्तकाचं लक्षणच हे आहे," मी म्हणालो. "ते प्रत्येकाला वेगळं दिसतं. सिनेमा सगळ्यांना एकच ताट वाढतो. पुस्तक ज्याच्या त्याच्या भुकेचं."

टाळ्या पडल्या. वसीमनंही वाजवल्या. आता शाल घ्यावी, नारळ घ्यावा आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच माझी इच्छा राहिली होती.

तेवढ्यात गोदावरीबाईंनी पिशवीत हात घातला. "फार सुंदर बोललात," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी हे पुस्तक इतकं वाचलंय म्हणून सांगू! माझी प्रत आणलीय मी. शेवट वाचूनच दाखवते, म्हणजे वाद मिटेल."

"बाई, चहा गार होतोय," मी म्हणालो.

"होऊ दे. मला गारच लागतो."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पान तीनशे एकवीस. राक्षसाचा पश्चात्ताप, घोड्याचं मरण. सिनेमावाल्यांनी ओळ न् ओळ तशीच ठेवली होती. मी नानासोकडं बघितलं नाही, नाथाजीकडं बघितलं नाही. सुलाबाईकडं बघत राहिलो. ती मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. 'राणीने ती अंगठी आनंदाने बोटात घातली,' गोदावरीबाईंनी वाचलं, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. सत्कार गेला खड्ड्यात.

"मंडळी, थांबा," मी उभा राहिलो. "शेवटची सोळा पानं कपाटातसुद्धा नाहीत. कधीच नव्हती. मी तुम्हाला बत्तीस वर्षं मनानं शेवट रचून सांगितले. सिनेमा बरोबर आहे. मी चुकलो."

आयुष्यात पहिल्यांदा सलग पाच वाक्यं खरी बोललो होतो.

नानासो हळूच उठला. त्याचे डोळे भरले होते. "बघा," तो हॉलला म्हणाला, "हा मोठा मानूस. पावन्या बाईंचा अपमान नको म्हनून सगळा दोष सोताच्या अंगावर घेतोय."

"आवं आप्पा, बसा तुमी," नाथाजी म्हणाला. "घोडा उठलेला तुमी सोता वाचून दाखवला हुता मला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मी पुस्तक उघडून नुसतं धरलं होतं, नाथाजी."

"धरलं हुतं ना? मग!"

गोदावरीबाईंनी प्रत उंच करून दाखवली, पान क्रमांक दाखवले, पहिली आवृत्ती असल्याचं सांगितलं. उपयोग शून्य. चर्चेअंती ठराव झाला की सिनेमानं मूळ कादंबरीचं वाटोळं केलं, आणि गोदावरीबाईंकडची छापील कादंबरीसुद्धा मूळ कादंबरीला धरून नाही. अनुमोदन नाथाजी. विरोधात वसीम आणि मी. आम्ही दोघंच एका बाजूला आलो होतो. त्यानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, एखाद्या दुखवट्याला भेटल्यासारखी. मग मला शाल घातली. गोदावरीबाई निरोप घेताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वाचकांना माझा नमस्कार सांगा. समोर सांगायचं धाडस नाही."

बाहेर रणरणतं ऊन. त्यात शाल. सुलाबाईचं घर माझ्याच वाटेवर, ती बरोबर चालत होती. मी म्हणालो, "सुला, बाकीच्यांचं सोड. मी खरं बोललो. राणीनं लग्न केलं होतं."

"ठाऊक हाय."

"आत्ता वाचलं म्हणून?"

"न्हाई वं. मिरजेला हॉस्टेलात हुतं की त्ये पुस्तक. पैल्याच वर्साला अख्खं वाचलं."

मी रस्त्यातच थांबलो. "म्हणजे तीस वर्षं तुला माहीत होतं? अगं, माझ्या थापेपायी तू लग्न मोडलंस. मला झोप नाही त्यानं."

"मी मोडलं?" सुलाबाईनं मला हाताला धरून बाभळीच्या सावलीला घेतलं. नर्सबाईच ती. "आप्पा, त्ये लग्न त्या लोकास्नी मोडलं. पोरीला चष्मा लागलाय म्हनून. त्येचीच कुजबुज चालली हुती तवा मी तुमच्याकडं आल्ते. मला तो पोरगा लय आवडला हुता. म्हनून रडत हुते. वाटलं, राणीचं तरी चांगलं झालं आसंल, तेवढंच ऐकावं. तर तुमी तिला अंगठी परत द्यायला लावून एकटीला डोंगर उतरवली. आसला राग आला हुता तुमचा, टेबलावरची शाई अंगावर वतावी वाटली."

"मग गावभर का सांगत फिरलीस, राणीनं वाट दाखवली म्हणून?"

"मग काय सांगू? चष्म्यापायी मोडलं म्हनून सांगू? त्यापरीस राणी बरी दिसती." ती हसली. "फुडं नोकरी लागली, बरं चाललं. तुमाला कशाला सांगायचं? तुमी एवढं खूश हुता सोतावर."

ती तिच्या घरी गेली. मी बाभळीखालीच थोडा वेळ उभा राहिलो. छातीवरचा तीस वर्षांचा धोंडा उतरला होता. आता हलकं वाटायला हवं, आनंदानं शाल उडवत घरी जायला हवं. आणि मी जे सांगतोय ते कुणाला सांगू नका. घरी पोचेस्तोवर मला रडू यायचंच बाकी होतं. बत्तीस वर्षं गोष्टी सांगितल्या मी, जीव तोडून सांगितल्या, आणि त्यांनी साधं एक लग्नसुद्धा मोडलं नव्हतं.