नोंदीप्रमाणे डावीकडे

कुवाबारा तात्सुजी यांच्या पोटात उजव्या बाजूला खाली दुखू लागलं, ही गोष्ट त्यांनी तीन दिवस कुणाला सांगितली नाही. चौथ्या दिवशी ताप चढला आणि मिसो सूपची वाटी समोर तशीच राहिली, तेव्हा पत्नी फुमिए यांनी टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर निवाता यांनी पोट दाबलं, रक्त तपासलं आणि निदान केलं. "अपेंडिक्स. आजच काढू."

"ते एकोणिसाव्या वर्षीच काढलंय," कुवाबारा म्हणाले.

डॉक्टरांनी संगणकात पाहिलं. "तशी नोंद नाही."

"ते हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं."

"मग कागदोपत्री तुमचं अपेंडिक्स शाबूत आहे."

फुमिएंनी नवऱ्याचा शर्ट वर केला. "आणि हा व्रण? मांजरानं ओरबाडलं का?"

"व्रण पुरावा म्हणून धरत नाहीत, काकू. स्कॅन धरतात."

स्कॅनमध्ये अपेंडिक्स नव्हतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे, भिंतीला आलेली एक छोटी पिशवी सुजली होती. फुटली नव्हती, त्यामुळे ऑपरेशन टळलं. उपाशी राहायचं, सलाईन आणि अँटिबायोटिक घ्यायचं. जपानात या पिशव्या पुष्कळदा उजवीकडेच सुजतात, हे निवातांना पक्कं ठाऊक होतं. संगणकाला नव्हतं. त्याची प्रणाली परदेशातून आलेली, आणि तिकडे हा आजार डावीकडे होतो. यादीत आजाराच्या नावापुढे 'डावी' ही एकच बाजू होती. ती निवडल्याशिवाय औषध मंजूर होईना, म्हणून निवातांनी निवडली.

"फक्त नोंदीपुरतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स इसोझाकी आल्या. "डावीकडे कसं वाटतंय?"

"डावीकडे काहीच नाही. दुखतंय उजवीकडे."

"उजवीकडचा रकाना नाही हो," असं म्हणून त्यांनी लिहिलं : वेदना नाही.

दुपारी कागद आला. रुग्ण वेदनामुक्त, उद्यापासून औषध बंद, घरी सोडावे. अंगात ताप तसाच होता.

"तुम्ही दुखत नाही म्हणालात ना," निवाता खजील होऊन म्हणाले.

"मी खरं सांगितलं."

"तिथंच घोटाळा झाला."

डॉक्टर गेल्यावर फुमिएंनी खुर्ची जवळ ओढली. "अहो, ती पिशवी फुटली तर? जन्मभर खरं बोलून कोणते दिवे लावलेत? उद्या डावीकडे दुखतंय म्हणा."

कुवाबारांनी आजवर गळाला लागलेल्या माशाची लांबीसुद्धा वाढवून सांगितली नव्हती. सकाळी त्यांनी पोटाच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. कान लाल झाले. "फार दुखतंय."

इसोझाकींनी मान वर न करता लिहून घेतलं. "थोडं कण्हता का? तेही विचारलंय इथे."

ते कण्हले. औषध चालू राहिलं. ते रोज डावीकडे कण्हत गेले आणि उजवीकडे बरे होत गेले. सहाव्या दिवशी ताप नव्हता, उजवीकडे दाबलं तरी दुखत नव्हतं. मग त्यांनी डावी बाजूही बरी झाल्याचं जाहीर केलं. तांदळाची पेज आली. ती त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

निघताना एक फॉर्म भरायचा होता. 'निदान योग्य बाजूचे झाले का?' उत्तरं दोन : 'हो', आणि 'नाही (कारणे सविस्तर जोडावीत, चौकशी होईपर्यंत घरी सोडता येणार नाही)'. फुमिए बॅग घेऊन दारात उभ्या होत्या. कुवाबारांनी 'हो'वर खूण केली.

त्या महिन्यात हॉस्पिटलच्या दर्शनी भागात फलक लागला : अचूक निदान, शंभर टक्के. असे फलक वाचून आपल्यालाही हायसं वाटतं. त्यातला एखादा 'हो' आपणच, घरी जायच्या घाईत, दिलेला असतो.