सीटखालचा स्विच

आमचा दळव्या कुठल्याही खुर्चीवर एका दमात बसत नाही. बसतो, उठतो, वळून खुर्चीकडे संशयानं बघतो आणि मग परत बसतो. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात तर त्यानं कहर केला. नवरदेवाच्या मामांना दहा वेळा उठबस करायला लावली. "हां, उठा! गाडी बंद. आता बसा!" घामाघूम झालेले मामा मला बाजूला घेऊन विचारतात, "हे गृहस्थ नक्की कोण?"

गृहस्थ म्हणजे भांडुपच्या आमच्या शेडमधला वायरमन. कारखान्यांत ट्रॉल्या ओढणारे बॅटरीवरचे ट्रॅक्टर आमच्याकडे यायचे. मोटरला करंट सोडणारा जुना कंट्रोलर काढून नवा बसवायचा, एवढंच काम. पण दळव्या आधी सीटखालचा स्विच जोडणार. ड्रायव्हर उठला की करंट तुटला पाहिजे, गाडी थांबली पाहिजे. मग स्वतः उठून-बसून तपासत राहणार. पोरं म्हणायची, "मास्तरांनी एवढ्या उठाबशा काढून घेतल्या असत्या तर मॅट्रिक झाला असतास!"

"गप रे मेल्या," म्हणून हा परत उठायचा.

आणि मालवणी असून गणपतीत गावी जायचा नाही. "मला मोदक आवडत नाहीत," म्हणे. आम्हीही असले शहाणे, की यावर विश्वास ठेवला!

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर एक ट्रॅक्टर पाठवायचा होता. सीटचा स्विच काही आला नव्हता. दारात ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, मला दळव्याच्याच भागातल्या माझ्या गावची संध्याकाळची एसटी पकडायचीय. मी वैतागून म्हणालो, "यार, जंपर मार ना! तारेच्या तुकड्यानं दोन्ही टोकं जोड. कुणी बसलंय असंच गाडीला वाटेल."

दळव्यानं पक्कड खाली ठेवली.

"गोपाळ पण हेच म्हणाला होता."

गोपाळ त्याच्याच वाडीतला, त्याच्याच खोलीत राहणारा. दळव्या आधी ज्या कारखान्यात होता, तिथंच ट्रॅक्टर चालवायचा. "काडीपैलवान नुसता. त्याच्या वजनानं स्विच दबायचाच नाही. गाडी सारखी बंद पडायची, सगळे हसायचे. मी जंपर मारून दिला. दुसऱ्या दिवशी खोका पडला म्हणून हा खाली उतरला. पेडल अडकलेलं. गाडी थांबलीच नाही रे. भिंतीपर्यंत घेऊन गेली त्याला."

मी ट्रकवाल्याला हॉर्न थांबवायची खूण केली.

"त्याची आय मला पोटाशी धरायची. माझो गोपाळ गेलो, पण तू आसस मां, म्हणायची. म्हणून जायचं सोडलं. तर दरवर्षी कुणाकडून तरी माझ्यासाठी कुळथाचं पीठ पाठवते. तिला कुणी सांगितलंच नाही रे." मग म्हणाला, "तू तिकडेच चाललायस ना? चिठ्ठी लिही. तिला वाचता येत नाही, तूच वाचून दाखव."

"पण स्विच, जंपर, तिला काय कळणार?"

"साधं लिही. तुझ्या झिलाक मिया मारलंय."

तुझ्या पोराला मी मारलं, एवढंच लिहून घेतलं आणि ट्रक रिकामा परत पाठवला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीला चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "तेका सांग, माझ्या दारात येव नको."

भांडुपला परतल्यावर मी तसंच सांगितलं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जीभ वळली नाही. दळव्यानं मान हलवली.

"बरोबर आहे तिचं. इतकी वर्षं मी तिची माया चोरून खात होतो."

असं म्हणाला आणि तिथंच, सगळ्या पोरांदेखत, ओक्साबोक्शी रडला.