शालूचा तुकडा आणि दोऱ्यांच्या डब्यातला चिवडा

"लिही," महिपतराव म्हणाले. "महिपत टेंबे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातला एकमेव सूक्ष्मदृष्टी सत्यशोधक. ज्याच्या नजरेतून मुंगी निसटत नाही आणि ज्याच्या..." इथे ते अडकले. "ज्याच्या काय रे, सहदेवा?"

"चष्म्यातून?" मी भीत भीत सुचवलं.

"चष्मा नको. गुन्हेगारांना ते कळता कामा नये."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

महिपतराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. विजेचे मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. जिन्याखालच्या काळोखात, जळमटं बाजूला सारून, बॅटरीच्या उजेडात आकडे वाचणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर आपण गुप्तहेर आहोत असं वाटू लागलं, तर त्यात त्याचा दोष थोडा आणि काळोखाचा जास्त. आजवर त्यांनी सोसायटीच्या शिडीचं आणि टाकीच्या झाकणाचं अशी प्रकरणं हाताळली. शिडी सापडली, पण ती हरवली आहे हे त्याआधी कोणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांचा लेखनिक. महाभारतातल्या सहदेवाला म्हणे सगळं ठाऊक असे, पण विचारल्याशिवाय तो बोलत नसे. मला काही ठाऊक नसतं आणि विचारलं तरी मी बोलत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर इतरांना "शांतता राखा" असं सांगता सांगता ती मलाच लागली असावी. किंवा आधीपासूनच असेल. नक्की सांगता येत नाही.

प्रकरण मात्र या वेळी आमच्याच घरातलं होतं.

आमची मुलगी संचिता बाळंतपणाला कोपरला आमच्याकडे आली होती. जावयाला रजा मिळेना म्हणून बारसं लांबत लांबत श्रावणातल्या एका रविवारावर येऊन ठेपलं होतं. माझी बायको गोदा नातीसाठी गोधडी शिवत होती. आत माझ्या आईच्या मऊ झालेल्या नऊवारीचे थर, वर घरातल्या प्रत्येक बाईच्या एकेका साडीचा तुकडा आणि अगदी मधोमध, मानाच्या जागी, विहीणबाईंच्या लग्नातल्या शालूचा तुकडा. विहीणबाई म्हणजे ठाण्याच्या कोपरीच्या हौसाबाई. नात बघायला आल्या तेव्हा तो त्यांनी स्वतः आणून दिला होता. जरीचा काठ, डाळिंबी रंग, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला. देताना म्हणाल्या होत्या, "शालूला कात्री लावताना हात थरथरला हो माझा. पण नातीसाठी काहीही."

बारसं चार दिवसांवर आलं आणि तो तुकडा सापडेना.

याला कारण व्यवस्थितपणा. आमच्या घरात चिंध्या पूर्वी एका जुन्या उशीच्या अभ्र्यात असत. हवं ते पाच मिनिटांत सापडे. मग गोदानं मोबाइलवर कोण्या बाईचा 'चिंध्यांचं नियोजन' असा व्हिडिओ बघितला. त्या बाईच्या घरी चिंध्यांना स्वतंत्र खोली होती. आमच्याकडे माझं पुस्तकांचं कपाट होतं. पुस्तकं पलंगाखाली गेली आणि कपाटात पारदर्शक डबे आले. लाल सुती, निळे सुती, काठ, अस्तर, लोकर बारीक, लोकर जाड, बटणं, दोरे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. दारामागे 'द्यायचे' अशी चिठ्ठी लावलेली एक पिशवी. मी उभ्या आयुष्यात इतकं नीट वर्गीकरण केलं नव्हतं. तेव्हापासून घरात काहीच सापडत नाही.

"आता मी त्यांना काय तोंड दाखवू?" गोदा कपाळाला हात लावून म्हणाली. "रुखवतात करंज्या कमी पडल्या, ते अजून ऐकवतात. शालू हरवला म्हटल्यावर संचूला जन्मभर ऐकावं लागेल. 'तुझ्या आईला एक चिंधी सांभाळता येईना!'"

"तसाच दुसरा तुकडा आणला तर?" महिपतरावांनी विचारलं. "ठाण्यात काय मिळत नाही?"

"भावजी, बाई स्वतःच्या लग्नातला शालू झोपेतही ओळखते."

हे वाक्य मी तेव्हा लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

महिपतरावांनी घटनास्थळाची पाहणी सुरू केली. म्हणजे ते कपाटासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मग त्यांनी फडताळातला बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा उघडला. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आत सुया होत्या.

"संशयास्पद," ते पुटपुटले.

श्रीखंडाच्या डब्यात हुक निघाले. आइस्क्रीमच्या डब्यात क्रोशाच्या सुया. शेवटी त्यांनी 'दोरे' अशी चिठ्ठी लावलेला डबा उघडला. आत पातळ पोह्यांचा चिवडा होता.

"सहदेवा! गुन्हेगाराचं अन्न!"

"ते माझं आहे," गोदा म्हणाली. "म्हणजे ह्यांच्यापासून लपवलेलं आहे. डॉक्टरांनी तळकट बंद केलंय ना ह्यांचं."

इतके दिवस मी त्या डब्यापासून वीतभर अंतरावर बसून वाचत होतो. माणसाला स्वतःच्या घराची किती कमी माहिती असते, या विचारानं मी खिन्न झालो. महिपतरावांनी पुरावा म्हणून दोन मुठी चिवडा तपासला.

"पहिला निष्कर्ष," चिवडा गिळून ते म्हणाले. "शेजारीण."

समोरच्या दारात राहणारी दर्शना क्रोशाच्या सुईवर काहीही करते: तोरणं, बाळाचे मोजे, मोबाइलला पिशवी, गॅस सिलेंडरला झगा. महिपतरावांनी तिला गॅलरीत गाठलं. ती बाळासाठी पांढरं टोपडं विणत होती आणि टोपड्याच्या कडेला सोनेरी धागा होता.

"हा धागा," महिपतराव आवाज खाली नेत म्हणाले, "शालूच्या जरीचा आहे."

"मिठाईच्या खोक्याचा आहे, काका. पेढे आणलेले ना तुम्हीच, बाळ झालं तेव्हा. सहदेवकाकांनी वाटायला दिलेले."

"मीच?"

"हो मग. अर्धे तुम्हीच खाल्लेले."

महिपतरावांनी चष्मा काढून पुसला. मोठ्या माणसांना घाव पचवायला वेळ लागतो.

"बरं, सरळ विचारतो. या घरातून तू कधी एखादं कापड नेलंस?"

"चोरून? वेडे झालात काय! काकूंनी दिला होता एक ब्लाउजपीस, पहिल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला ओटी भरली तेव्हा. पण तो पण नाहीये माझ्याकडं. खोपटला नणंदेकडं गेलेली, तिला दिला. तिनं पुढं कोणाला तरी दिला असंल. ब्लाउजपीस कोण शिवतंय का आजकाल?"

"दिलेल्या कापडाचं आपल्याला काय करायचंय? आपण शोध घेतोय तो चोरून नेलेल्या कापडाचा. सहदेवा, हे लिहू नकोस. विनाकारण कागद भरतो."

माझ्या मनात काहीतरी हललं. पण माझ्या मनात नेहमीच काहीतरी हलत असतं आणि बहुतेकदा तो गॅस असतो. मी लिहिलं नाही.

दुसरा निष्कर्ष कबुतरं. आमच्या खिडकीबाहेर एसीच्या खोक्यामागे कबुतरांनी घरटं केलं होतं. "पक्ष्यांना चकाकीचं वेड असतं," असं सांगून महिपतरावांनी हात आत घातला. त्यांचा आवाज पार स्टेशनपर्यंत गेला असावा. घरट्यातून केरसुणीचे हीर, केबलच्या वायरचा तुकडा आणि दर्शनाचा हरवलेला एक छोटा विणलेला मोजा निघाला. दर्शना खूश झाली. तिचा जोड पूर्ण झाला. महिपतरावांच्या बोटाला गोदानं हळद लावली आणि 'पांढरे सुती' या डब्यातली चिंधी बांधली. त्या नियोजनाचा झालेला तो पहिला उपयोग.

शनिवारी दुपारी तिसरा निष्कर्ष आला. तो त्यांनी दार लोटून घेऊन सांगितला.

"हौसाबाईंनीच तो तुकडा परत नेलाय. नातीला बघायला आल्या, दिला आणि जाताना गुपचूप उचलला. हेतू: विहिणीची फजिती."

"भावजी, हळू!" गोदा म्हणाली. "उद्या त्या यायच्यात. त्यांच्यासमोर असलं काही बोललात तर मी तुम्हाला त्या कबुतरांत नेऊन ठेवेन."

मग ती गोधडी मांडीवर घेऊन बसली. सगळे तुकडे जागच्या जागी, बारीक धावदोऱ्यानं शिवलेले. मध्ये मात्र हातभर जागा मोकळी. आतून माझ्या आईची विटकी नऊवारी दिसत होती. संचिता बाळाला घेऊन आली आणि नुसती बघत राहिली.

"आई, मी सांगते त्यांना. माझ्याकडून हरवला म्हणून."

"काही नको," गोदा म्हणाली. "तुला तिथं नांदायचंय. मला काय, मी उद्या ऐकून घेईन."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. योग्य वाक्य शोधेपर्यंत त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

रविवारी सकाळी हौसाबाई सगळ्यांच्या आधी आल्या. सोबत एकदाची रजा मिळालेले जावई, बाळाची आत्या, चांदीचे वाळे, पाळण्याची दोरी आणि कापडी पिशव्या. चहा झाल्याबरोबर त्या उठल्या.

"आधी ओटी भरू द्या, विहीणबाई. मान तुमचा."

गोदा पाटावर बसली. पदर पसरला. चेहरा असा की जणू निकाल लागायचाय. हौसाबाईंनी हळदीकुंकू लावलं, तांदळाची ओंजळ घातली, नारळ ठेवला आणि पिशवीत हात घालून एक घडी केलेला ब्लाउजपीस काढून नारळावर ठेवला.

"साधाच आहे हो. गोड मानून घ्या."

डाळिंबी रंग. जरीचा काठ. चौकोनी घडी.

गोदानं पदराकडे बघितलं. मी गोदाकडे बघितलं. महिपतराव लाडवांकडे बघत होते.

तेव्हा मला सगळं कळलं. आयुष्यात पहिल्यांदा, एकदम आणि पूर्ण. डबे लावताना गोदानं त्या नीट घडीच्या तुकड्याला ब्लाउजपीस समजून 'द्यायचे' या पिशवीत टाकलं होतं. पहिल्या शुक्रवारी तो दर्शनाच्या ओटीत गेला. दर्शनाकडून खोपटला नणंदेकडे. तिथून कुठल्यातरी श्रावणी हळदीकुंकवातून कोपरीला हौसाबाईंच्या ओटीत. कोणीही त्याची घडी मोडली नव्हती. ओटीतल्या ब्लाउजपीसची घडी मोडायची नसते. तो पुढे द्यायचा असतो. आणि स्वतःच्या लग्नातला शालू झोपेतही ओळखणाऱ्या हौसाबाईंनी तो आपल्या 'द्यायचे' या पिशवीत टाकून आज इथे आणला होता.

गोदाचे ओठ थरथरले. रडते की काय, असं मला वाटलं. मग लक्षात आलं की ती हसू दाबते आहे.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. "आलेच हं मी. गोधडीचा एक टाका राहिलाय."

ती आतल्या खोलीत गेली. दाराला कडी लागली आणि शिलाई मशीन धडधडू लागली.

"काय हो, आता शिवतायत?" हौसाबाई म्हणाल्या. "बारशाच्या दिवशी? एवढा वेळ होता की!"

"तपास चालू आहे," महिपतराव गंभीरपणे म्हणाले.

"कसला?"

"कसला नाही," मी म्हणालो. मीच म्हणालो. माझंच मला आश्चर्य वाटलं. "त्यांना नंतर लाडू देऊ."

गोदा बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर गोधडी होती. तिनं ती पाळण्यात अंथरली. माझ्या आईची साडी झाकली गेली होती आणि मधोमध डाळिंबी चौकोन चमकत होता, जरीचा काठ चारी बाजूंनी वळवून बसवलेला.

हौसाबाई पुढे झाल्या. त्यांनी चौकोनावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझा शालू! बघा, बघा. लग्नात मी अशी उभी होते, हा पदर असा खांद्यावर. अहो, कुठेही असता तरी ओळखला असता मी. हजार कापडांत ओळखला असता!"

"मी म्हटलंच होतं," गोदा म्हणाली.

"कधी?"

"ह्यांना विचारा."

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाळाकडे बघितलं. सुदैवानं बाळ रडायला लागलं.

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाळणा हलला, दर्शनानं विणलेलं टोपडं आणि दोन्ही मोजे चढले. "केवढं निगुतीनं केलंय, विहीणबाई," असं हौसाबाई त्या दिवसात इतक्यांदा म्हणाल्या की करंज्यांचं प्रकरण तिथेच मिटलं असावं. संचिता आईकडे बघून हसली. तिला किती कळलं, ठाऊक नाही. ती माझी मुलगी असली तरी डोकं आईचं आहे.

निघताना गोदानं हौसाबाईंची ओटी भरली. तिनं 'द्यायचे' या पिशवीत हात घातला, थांबली, बाहेर काढलेला ब्लाउजपीस पूर्ण उलगडून उजेडात बघितला आणि मगच दिला. आमच्या घरात ब्लाउजपीसची घडी मोडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी महिपतराव पुडीत लाडू बांधून घेत म्हणाले, "बघितलंस? मी नुसता तिसरा निष्कर्ष काढला आणि बाईंना दडपण आलं. गुपचूप परत आणून ठेवला कुठेतरी. लिही: प्रकरण निकालात. तुकडा कसा सापडला, ते तुझ्या शब्दांत घाल. थोडक्यात."

गोदा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी लिहिलं, 'तुकडा सापडला.'

"थोडक्यात म्हणजे इतकं थोडक्यात नव्हे," महिपतराव म्हणाले. पण लाडू घेऊन ते वर गेले.

गोदा आत गेली आणि एक डबा घेऊन आली. तो माझ्यासमोर ठेवला, झाकण काढलं आणि बाळाचे कपडे गोळा करायला निघून गेली. डब्यावर चिठ्ठी होती: दोरे.

मी डबा पुढे ओढला. हौसाबाई विनोदी गोष्टी वाचत नाहीत, असं संचिता म्हणते. तेवढ्याच भरवशावर हे लिहिलं. चिवड्यात शेंगदाणे भरपूर होते.