गणपतमामांची आजारी रायफल

आमचे गणपतमामा पाहुण्याला पाय धुवायला पाणी देण्याआधी रायफलीची तब्येत सांगत. "आज जरा बरी हाये. नळीतून गंज कमी निंगून राह्यला."

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. चांद्याच्या एका जंगल ठेकेदाराकडून मामांनी ही जुनी रायफल स्वस्तात आणली. नळी तांबूस, दस्ता वाळवीने खाल्लेला. पण मामी गेल्यापासून मामांनी हौसेने आणलेली ही पहिलीच वस्तू, म्हणून घरात कुणी हसलं नाही. हसायला गाव होतं.

मामांनी शिवणीच्या लाकडाचा नवा दस्ता तासायला घेतला आणि आरमोरीजवळच्या त्यांच्या खेड्यातले सारे तज्ज्ञ संध्याकाळी ओसरीवर जमू लागले. आयुष्यात एकानेही गोळी झाडलेली नव्हती, त्यामुळे मतं भरपूर होती. मीही पॉलिश कागद घासत अधिकारवाणीने बोले. मामा सगळ्यांसाठी गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, चहा ठेवत. दस्ता जमला असं सगळे म्हणाले, की मामा तो उलटा-सुलटा करत. "थोडा जाड वाटते, नाई?" की पुन्हा वाद, पुन्हा चहा.

तिकडे रानडुकरं उशिरा पिकणाऱ्या जड धानात शिरली. शेजारची यशोदाबाई ओसरीवरच येऊन उभी राहिली.

"गणपतभाऊ, तुमची बंदूक बरी होयेपर्यंत माह्या धानाच्या बांधीत तणस बी नाई राहाचा!"

मामा ओशाळले. दुसऱ्याच पहाटे आम्ही तिच्या शेतातल्या मचाणावर चढलो. थंडी मरणाची. डुकरं आली, अगदी समोर. मामांनी नेम धरला, पण गोळी नळीत सारणारा बोल्ट जागचा हलेना. सगळ्या तज्ज्ञांच्या एकमताने आम्ही त्यात मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल ओतलं होतं. ते थंडीने तुपासारखं थिजलं होतं. मामा रायफल घोंगडीत घेऊन ऊब देत बसले. खाली डुकरं निवांत जेवत होती.

"मामा, शेकोटी करू?"

"कर ना! अन् डुकराइले बी बोलाव शेकाले!"

मग रायफलीला राकेलने आंघोळ घातली. पुढच्या पहाटे गोळी सुटली. मामा मागे उताणे, डुकरं पुढे पसार. लागलं कुणालाच नाही, पण डुकरं पुन्हा फिरकली नाहीत. यशोदाबाईने नव्या धानाचे पोहे पाठवले. रायफल खुंटीवर गेली.

ओसरी मात्र ओस पडली. आजारी बरा झाल्यावर भेटायला कोण येतो?

थोड्या दिवसांनी सहज गेलो. चुलीवर गंजभर चहा उकळत होता आणि चटईवर रायफलीचे सगळे भाग सुटे करून मामा एकटेच बसले होते.

"आता काय झालं हिला?"

"आवाज बराबर नाई निंगाला, बापू." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुले नाई वाटलं?"

मला कुठलं कळायला? गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटून मचाणाला मिठी मारली होती.

"जरा घोगरा होता," मी म्हणालो. "लोहाराला विचारायला हवं."

"त्याले एकट्याले काय समजते?" मामा घाईने म्हणाले. "साऱ्याइले बोलाव. जाय, चहा आटून राह्यला."