अख्ख्या गल्लीचा एकच ईमेल

शनिवारी सकाळी अकराला ताराबाईंच्या मोबाइलवर बिल आलं, आणि सव्वाअकरापर्यंत त्यांनी मनातल्या मनात गल्लीतल्या चौदा जणांना चोर ठरवून टाकलं.

बिल ईमेलवर आलं होतं आणि इंग्रजीत होतं. ताराबाईंनी मोबाइलकडूनच त्याचं मराठी करून घेतलं, ते असं निघालं: 'प्रिय ग्राहक, गोल्डन लाइफ क्लबची आपली वार्षिक सदस्यता आम्ही आनंदाने पुन्हा सुरू केली आहे. चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये चोवीस तासांत आपल्या जोडलेल्या खात्यातून कापले जातील. सदस्यता नको असल्यास खालील क्रमांकावर फोन करा.'

"आनंदाने म्हणे," ताराबाई एकट्याच म्हणाल्या. "माझे पैसे कापून ह्यांना आनंद होऊन राह्यला."

खात्यात पैसे होते, हीच तर पंचाईत होती. एकतीस वर्षं आष्टीच्या अंगणवाडीत लेकरांना खिचडी भरवून ताराबाई निवृत्त झाल्या, तेव्हा एकरकमी पैसे मिळाले होते. त्यातून मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं, हे त्यांनी खिचडी ढवळता ढवळता दहा वर्षं आधीच ठरवलं होतं. सोमवारी जालन्याहून मशीन येणार होतं. उरलेली रक्कम तिथल्या तिथे मिळाली नाही तर टेम्पो तसाच मागे फिरेल, असं मशीनवाल्यानं दोनदा बजावलं होतं. बँकेत जावं, तर दुसरा शनिवार.

आता यात गल्ली कुठून आली? तर ताराबाईंचा ईमेल हा एकट्या ताराबाईंचा नव्हताच. अंगणवाडीच्या कामासाठी तो काढावा लागला, तेव्हा गल्लीत दुसऱ्या कुणाकडे ईमेल नव्हता. पुढं सेवा केंद्रात कुणी फॉर्म भरायला गेलं, की केंद्रवाला विचारायचा, "ईमेल?" आणि जो तो ऐटीत सांगायचा, "लिहा ताराबाईंचा." त्यामुळं गल्लीचा पीक विमा, परतूरहून सुटणाऱ्या गाड्यांची तिकिटं, पोरांचे निकाल, पोरींचे बायोडाटे, सगळं ताराबाईंच्या मोबाइलात येऊन पडायचं. एकदा तर म्हशीच्या विम्यापायी म्हशीलाच वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. ताराबाईंनी त्या गोठ्यात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवल्या. त्या सांजेला म्हशीनं लिटरभर दूध जादा दिलं, असं तिचा मालक मच्छिंद्र आजही शपथेवर सांगतो.

तेव्हा सवाल एवढाच होता, की हे गोल्डन लाइफ घेतलं कुणी.

ताराबाई पहिल्यांदा मच्छिंद्रकडेच गेल्या. तो डोक्याला रुमाल बांधून म्हशीला पाणी पाजत होता.

"मच्छिंद्र, खरं सांग. गोल्डन लाइफ तू घेतलं का?"

मच्छिंद्रचा हात रुमालावर गेला. "तुमाला कोणी सांगितलं वो मावशी?"

"बिल आलंय. पंधरा हजाराचं."

"पंधरा? पहिला महिना फुकट म्हणल्ता तो." मच्छिंद्रनं इकडंतिकडं पाहून रुमाल सोडला. माथा उन्हात परातीसारखा चमकला. "केस यायचा कोर्स हाय मोबाइलवर. रोज डोकं खाली करून दम घ्यायचा. नाव बराबर ध्यानात न्हाई, पण गोल्डन का कायतरी व्हतं बघा."

"मंग आले का केस?"

"आले ना. कानात."

ताराबाईंनी पाहिलं. खरंच आले होते.

"पण तुमच्या मशीनचं मी वाटोळं न्हाई होऊ देणार," मच्छिंद्र म्हणाला. "म्हैस इकीन, पण बिल भरीन."

चोर सापडला म्हणून ताराबाईंना हायसं वाटलं. पण चार पावलं चालल्यावर शंका आली. टकलावरच्या इलाजाला क्लब कोण म्हणेल? समोरच्या ओसरीवर केशरबाई वाती वळत बसल्या होत्या. ताराबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "केशरबाई, गोल्डन लाइफचं बिल आलंय, काय असतं ते ठाऊक हाय का तुमाला?"

केशरबाईंच्या हातातली वात तुटली. "हळू बोल, तारा. सून आत हाय." त्यांनी ताराबाईंना ओढून जवळ बसवलं. "माझंच असंल ते. मोबाइलवर इंग्रजी शिकायचं घेतलंय मी."

"ह्या वयात?"

"मंग काय करू? लेक अन् सून सहा महिन्यांपासून माझ्यासमोर इंग्रजीत बोलून राह्यलेत. एक्झाम, सेंटर, डोन्ट टेल आई. वेगळं निघायचा बेत असंल, दुसरं काय? 'डोन्ट' झालं माझं शिकून. 'टेल'चा धडा पुढल्या हप्त्यात हाय." केशरबाईंनी पदराखाली हाताची पाटली चाचपली. "बिलाचं मी बघते. पाटली मोडते. पण दीपमालाला कळू देऊ नको."

दीपमालानं आतून हे ऐकलं होतं, पण 'बिल' आणि 'दीपमाला' एवढंच. ताराबाई उठून आपल्या दारापर्यंत पोचतात न पोचतात, तोच ती मागच्या बोळातून धापा टाकत आली.

"मावशी, आईंना सांगू नका. ते बिल माझं हाय. तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास लावलाय मी मोबाइलवर. फॉर्मवर ईमेल तुमचाच दिल्ता."

"अगं, मंग लपवायचं काय त्यात?"

"आई म्हणतील, घर कोण बघणार. म्हणून तर आम्ही घरात इंग्रजीत बोलतो. त्यांना बिलकुल कळत न्हाई."

ताराबाईंनी तोंडाला पदर लावला.

सकाळी एक चोर सापडत नव्हता, बारापर्यंत तीन झाले. आणि तिघंही पैसे भरायला एका पायावर तयार. असे चोर अख्ख्या मराठवाड्यात दिवा घेऊन शोधले तरी मिळायचे नाहीत. पण बिल एक आणि धनी तीन, हा हिशेब काही ताराबाईंना सुटेना. त्यांनी तिघांना घरात बोलावलं, सतरंजीवर बसवलं, कुणी कुणाकडे बघायचं नाही अशी ताकीद दिली आणि बिलावरच्या नंबरला फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

"नमस्कार. गोल्डन लाइफ क्लब से राधेश्याम बोल रहा हूँ. मेंबर का नाम बताइए."

"मच्छिंद्र," मच्छिंद्र म्हणाला.

"केशरबाई," केशरबाई म्हणाल्या.

"दीपमाला," दीपमाला म्हणाली.

मग ताकीद विसरून सासूनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे पाहिलं, आणि मच्छिंद्रनं रुमाल घट्ट केला.

"मॅडम, एक बिल में तीन मेंबर नहीं होते," राधेश्याम म्हणाला.

"तेच तो पूछ रही मैं," ताराबाई म्हणाल्या. "तुम्हारे क्लब में होता क्या है? केस उगाते, इंग्लिस सिखाते, के तलाठी बनाते?"

तिकडं राधेश्याम खाकरला. "सब होता है, मॅडम. फुल पॅकेज है."

खिचडी टाळायला पोट दुखतंय म्हणणारी लेकरं ताराबाईंनी एकतीस वर्षं पाहिली होती. पोट कुठं दुखतं विचारलं, की ती गुडघ्याला हात लावायची. हा आवाज त्याच जातीचा होता.

"अभी आपके मोबाइल पे एक नंबर आएगा," राधेश्याम घाईनं म्हणाला. "वो जल्दी बता दीजिए, मैं सब कॅन्सल कर देता हूँ."

दीपमाला मान हलवून नको नको करू लागली. ताराबाई काही बोलणार, एवढ्यात फोनमधून, राधेश्यामच्या मागून, एक लेकरू किरकिरलं. ते ऐकलं आणि ताराबाई बिल विसरल्या, मशीनही विसरल्या.

"किसका बच्चा रोता है?"

"हमारी बच्ची है. आप नंबर बताइए."

"कित्ते महिने की?"

"अठारा."

"वजन कित्ता?"

"वजन?" राधेश्याम अडखळला.

"वजन मालूम नहीं? कैसा बाप है रे तू. खाती क्या है?"

"बिस्किट. मॅडम, वो नंबर..."

"नंबर कहीं पळून नहीं जाता. वरण-भात क्यों नहीं देते?"

"न्हाई खात वो मावशी," राधेश्याम कळवळून म्हणाला. "तोंडच उघडत न्हाई."

सतरंजीवरचे तिघं थिजले. फोनमध्येही कुणीतरी थिजल्यासारखं वाटलं.

"कोणत्या गावचा रे तू?" ताराबाईंनी विचारलं.

"दिल्ली."

"दिल्लीत 'न्हाई खात वो' म्हणतात का?"

"टेंभुर्णीकडला हाय."

"टेंभुर्णीत कोणाचा? तिथली अंगणवाडीची बाई माझ्यासंगं ट्रेनिंगला होती. लावू का तिला फोन?"

"नका ना मावशी. आईला वाटतं, मी बँकेत हाय." राधेश्यामचा आवाज पार खाली आला. "खोटं हाय बिल. हजार लोकांना पाठवतो, त्यातले दहा भेतात. नंबर सांगितला, तर पैसे जातात. तुमी सांगूच नका. पुसून टाका ते."

ताराबाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की सतरंजीचं टोक हललं. मशीन वाचलं होतं. मग त्यांनी कमरेला पदर खोचला. "बिस्किटं बंद कर. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरून चमचाभर तूप. भरवताना मोबाइल न्हाई दाखवायचा. सोमवारी वजन करून मला सांग. अन् दुसरं काम बघ, बाबा. लेक मोठी झाली, की ती बी विचारणारच हाय, तू काय करतो म्हणून."

फोन ठेवल्यावर मच्छिंद्रनं हळूच विचारलं, "मंग मावशी, माझं खरं बिल यायचंच हाय का अजून?"

पण तेवढ्यात केशरबाई सुनेकडे वळल्या. "परीक्षा कधी हाय गं?"

"पुढल्या महिन्यात," दीपमाला मान खाली घालून म्हणाली. "जालन्याला."

केशरबाईंनी डोळे मिटले, जमेल तेवढं इंग्रजी गोळा केलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "यू गो. आय कुक."

सोमवारी खात्यात पैसे जिथल्या तिथं होते. टेम्पो आला, मशीन उतरलं, मशीनवाला पैसे घेऊन हसत गेला. पहिला घाणा केशरबाईंच्या मिरच्यांचा पडला आणि गल्ली अशी शिंकली, की परतूरच्या स्टेशनात लोकांनी रुमाल काढले. त्या शिंकांतच फोन वाजला.

"मावशी, आठ किलो दोनशे भरलं," राधेश्याम म्हणाला. "खिचडी खाल्ली तिनं. वाटीभर."

"वजन कमीच हाय. पंधरा दिवसांनी परत कर. अन् कामाचं?"

"शोधून राह्यलो." राधेश्याम घुटमळला. "मावशी, आमच्यातले अजून चौघं विचारून राह्यलेत. त्यांच्या लेकरांचं बी बघता का? माहिती ईमेलवर पाठवतील."

ताराबाईंनी मशीन बंद केलं आणि हाताची मिरची पदराला पुसली.

"पाठवू दे," त्या म्हणाल्या. "पण नावं खरी लिहायला सांग."