मितलक एकटाच डोंगर चढतो

"घळीतून चढायला दोर लागतो तो शहरातल्या माणसांना," मितलक म्हणाला. "मी कड्याला नुसता हात लावला, की कडाच मला वर ओढून घेतो."

वादी रमच्या वाळवंटातल्या त्या तंबूत बसलेल्या पाच-सहा जणांनी चहाचे घोट घेतले. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात मितलक श्वास कुठे घेतो, तेही त्यांना पाठ होतं.

पाहुण्यांना डोंगरावर कोणी न्यायचं, हे त्याचा भाचा सल्लूम ठरवायचा. मंगळवारी दोघं येणार होते. त्यांना लाल घळीतून चढून डोंगराच्या धारेवरची तिन्ही शिखरं गाठायची होती.

"मामा, तुम्ही आपली जीप सांभाळा," सल्लूम म्हणाला. "पंचावन्नाव्या वर्षी डोंगर खालून बघावा. खालूनही बरा दिसतो."

सगळे हसले. मितलकला ते लागलं. हल्ली गावातली पोरं त्याला टायरांत हवा किती ठेवायची तेवढंच विचारत.

रविवारी सकाळी तो बायकोला म्हणाला, "फिद्दा, उंट कुठे भरकटलाय बघून येतो." पाण्याची बाटली आणि चार खजूर घेऊन तो एकटाच घळीत शिरला.

सुरुवात झकास झाली. दोन्ही बाजूंना लाल भिंती, मध्ये अडकलेल्या शिळा, पायाखाली गार वाळू. एका शिळेवरून दुसरीवर जाताना तो स्वतःशी गुणगुणतही होता. मग उभा कडा आला. आजोबांनी कोरलेल्या खोबणी जागच्या जागी होत्या, पण एकीपासून दुसरी जरा लांब गेल्यासारखी वाटत होती. पकड यावी म्हणून त्यानं चपला काढून कमरेला खोचल्या. त्यातली एक निसटली आणि बराच वेळ आवाज करत खाली गेली.

पहिलं शिखर झालं. मधल्याच्या खाली एक गुळगुळीत चढण होती. ती तो पोटावर सरपटत चढला आणि वरच्या कट्ट्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथून खाली उतरता येणार नाही. पुढे कट्टा तुटलेला होता. मध्ये हातभर फट, आणि फटीत तळ दिसत नव्हता. विसाव्या वर्षी ती त्यानं बोलता बोलता ओलांडली होती. आता तो तिच्याकडे बघून खाली बसला.

पाणी संपलं. डोक्यावर ऊन आलं. शेवटी त्यानं गुपचूप फोन काढला. सल्लूमला करायचा प्रश्नच नव्हता. त्यानं घरी लावला.

"फिद्दा, मला जरा उशीर होईल. उंट फार लांब गेलाय."

"उंट दारात उभा आहे," ती म्हणाली. मागून उंटानंही आवाज दिला. "तुम्ही कुठे आहात?"

मितलकनं घसा साफ केला. "मधल्या शिखराखाली. कट्ट्यावर."

"फट आहे तिथे?"

"हो."

"सावलीला सरका. जागचे हलू नका."

आता अख्खं गाव दोर घेऊन येणार, हे त्यानं गृहीत धरलं. काय सांगायचं ते तो जुळवत बसला. पाहुण्यांसाठी वाट तपासत होतो. हे बरं होतं.

दीड तासानं डोक्यावरून आवाज आला. "अबू राकान, हात द्या." थोरल्या मुलाच्या नावावरून त्याला अशी हाक फक्त बायकोच मारायची. फिद्दा वर उभी होती. काळा झगा, पायांत प्लॅस्टिकच्या सपाता, खांद्यावर बकऱ्या बांधायची दोरी. ती एकटीच होती. कोपऱ्यामागे एक चिंचोळी चढण होती, ती त्याला कधी दिसलीच नव्हती.

तिच्या हाताला धरून तो वर आला आणि तिनं दिलेलं पाणी घटाघट प्यायला. मग म्हणाला, "तू इथे कशी?"

"मागच्या अंगानं वाट आहे. पावसानंतर वर खळग्यांत पाणी साचतं. बकऱ्या येतात, त्यांच्यामागे मी येते. लग्न झाल्यापासून येतेय."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कड्याची गोष्ट सांगत होतात," फिद्दा म्हणाली. "मध्ये कशी बोलू?"

बोलत बोलत दोघं मधल्या शिखरावर पोचले. तिसरं समोरच होतं. इतकं आलोच आहोत तर जाऊन येऊ, असं ती म्हणाली आणि निघाली. एका पायात चप्पल घालून मितलक मागोमाग गेला. वर वारा छान होता. दोघांनी मिळून उरलेले दोन खजूर खाल्ले. मितलकला बरं वाटलं.

खाली सल्लूम उभा होता. फिद्दाला दोरी घेऊन झपाझप डोंगराकडे निघालेलं त्यानं पाहिलं होतं.

"मामा, तिन्ही केलीत? एकट्यानं?"

"तिन्ही केली," मितलक म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

सल्लूम खजील झाला. "मग मंगळवारी पाहुण्यांना तुम्हीच न्या. माझं चुकलं."

मितलकनं हळूच फिद्दाकडे पाहिलं. "नेतो की. ही पण येईल सोबतीला."

"मंगळवारी मला नाही जमायचं," फिद्दा म्हणाली. "बकऱ्यांचे केस कातरायचे आहेत."

मंगळवारी मितलकचा गुडघा दुखायला लागला. खरं तर तो सोमवारी दुपारपासूनच दुखत होता.