अंतर किरकोळ

भांडारपालांची आई थोरल्या मुलीकडे राहायची, म्हणजे विमानाशिवाय गाठता येणार नाही इतक्या लांब. तिचं दुखणं वाढलं तसा ताईचा फोन आला. "आई सारखी दाराकडे बघतेय रे. निघ." भांडारपालांनी त्याच दुपारी रजेचा अर्ज दिला. नियम साधा होता: प्रवासासाठी किती दिवस द्यायचे ते दोन विमानतळांमधल्या अंतरावर ठरे, आणि ते अंतर कार्यालयाने स्वतः मोजलेलं असावं लागे.

मोजणीचं साधन म्हणजे हेडक्लार्कच्या खुर्चीमागचा जगाचा नकाशा आणि शिवणाचा दोरा. कार्यालयाचं गाव नकाशाच्या उजव्या कडेला, ताईचं डाव्या. हेडक्लार्कनी चपला काढल्या, स्टुलावर चढले आणि दोरा ताणला. तो सगळी खंडं तुडवत गेला. विमान कंपनीने दिलेला आकडा याच्या निम्माही नव्हता.

"तफावत आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"अहो, विमान इकडून जातं, समुद्रावरून." भांडारपालांनी उजव्या कडेपलीकडे बोट ठेवलं.

"तिथे कॅलेंडर आहे."

"पृथ्वी गोल आहे हो!"

"असेल. आपल्याला सपाट पुरवली आहे."

भांडारपालांनी बोट मागे घेतलं, कारण पुरवठा त्यांच्याच भांडारातून झाला होता.

"मग कमी अंतर धरा. मला कमी दिवस चालतील," त्यांनी हात जोडले.

"तुमचं नुकसान करायचा अधिकार मला नाही," हेडक्लार्क कळवळून म्हणाले, आणि कागद वर गेला.

वर साहेब होते, आणि साहेब विज्ञानवादी होते. त्यांनी नकाशा उतरवायला लावला, त्याची गुंडाळी केली आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या. दोन्ही गावं शेजारी आली. शाखेने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मधे पंजा ठेवून पाहिला.

"ही तर जेमतेम वीत! एवढ्याला प्रवासाची रजा? रविवारी जाऊन या की!"

शेराही तसाच पडला: अंतर किरकोळ, रजा अनावश्यक.

संध्याकाळी ताईने फोन आईच्या कानाला लावला. भांडारपालांनी सगळं सविस्तर समजावून सांगितलं.

"न विचारता आलास तर कामावरून काढतील का रे?" आईने विचारलं.

"नाही गं. पण सेवापुस्तकात शेरा बसेल."

"मग राहू दे," आई म्हणाली. "शेरा वाईटच."

ती रविवारपर्यंत थांबली नाही. मरणाच्या रजेला अंतर लागत नाही, त्यामुळे ती तासाभरात मंजूर झाली. साहेबांनी स्वतः खांद्यावर हात ठेवला, हेडक्लार्कचे तर डोळे भरून आले. भांडारपाल विमानात बसले आणि कंपनीने सांगितलं होतं तेवढ्याच वेळात पोचले. दारात ताई उभी होती.

ही हकीकत ऐकून लोक त्या दोऱ्याला पोट धरून हसतात. तुम्हीही हसलात, हरकत नाही. तुमची आई कुठे राहते? आणि तुम्हाला कोणता शेरा बसणार आहे?